सरसकट दर

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध भंगार व्यापारी होता. त्या धंद्यात त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. ॲल्युमिनियमचा तुकडा हातात घेऊन, त्यावर नख ओढून तो मालाची प्रत सांगत असे. त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका शिष्याने त्याच गल्लीत स्वतःची वखार थाटली होती. शिष्य आता पन्नाशीला आला होता, तरी सकाळी शहरातला दर कळला की तो आधी गुरूकडे जाई. गाडीभाडे आणि घट वजा करून गावात काय दर द्यावा, हे दोघे मिळून ठरवीत.

माघात शिष्याची पत्नी गेली. ती खानावळ चालवीत असे. दीड वर्ष अंथरुणावर काढून ती गेली, आणि त्यानंतर शिष्य गुरूकडे फिरकला नाही. एके दिवशी वृद्धाच्या कानावर आले, की तो वखार मोडून पुतण्याकडे कायमचा राहायला निघाला आहे. खानावळीचे सगळे सामान पोत्यांत भरून त्याने शहरातल्या व्यापाऱ्याला बोलावले आहे.

वृद्ध काठी टेकत तिथे पोहोचला, तेव्हा दारात टेम्पो उभा होता. व्यापारी एका पोत्यात हात घालून चाचपत होता.

"सरसकट काय लावता?" शिष्याने त्याला विचारले.

"काका, मिसळ माल आहे. खाली काय दडलंय, मला काय ठाऊक?" असे म्हणून व्यापाऱ्याने चांगल्या मालाच्या दराच्या निम्मा भाव सांगितला.

"चालेल. उचला."

"थांब," वृद्ध म्हणाला. "हा माल मी घेतो. पण यानं सांगितला, त्याच्याही निम्म्यानं."

व्यापारी हसला. "आजोबा, बोली चढवायची असते, उतरवायची नसते!"

शिष्य हसला नाही. आजवर या माणसाने कुणाला काट्यावर फसवले नव्हते. "बाबा, तुम्हीसुद्धा? आणि तेही आज, माझ्या दारात?"

वृद्धाने पोत्यातून औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी पट्टी बाहेर काढली. आजारपणात रिकाम्या झालेल्या पट्ट्या शिष्याने सवयीने साठवल्या होत्या आणि सगळ्या पोत्यांत ओतल्या होत्या.

"हे बघ. एका अंगाला प्लास्टिक, दुसऱ्या अंगाला चिमूटभर धातू. भट्टीत याचा नुसता धूर होतो. ढिगाला त्यातल्या सर्वांत हलक्या मालाचा दर लागतो, हे तूच लोकांना सांगतोस ना?"

"पण पोत्यात नुसत्या पट्ट्या नाहीत! सोललेली तार आहे, बाबा. एक नंबरची!"

"असेल. मला पोतं दिसतंय."

शिष्याची कानशिले तापली. त्याने पोते उचलले आणि अंगणात उपडे केले. तारेचे भेंडोळे ओढून त्याने वृद्धासमोर धरले. "ही बघा! एक तरी काळा डाग दाखवा."

"कुणी सोलली?"

"तिनंच. खानावळीचं जुनं वायरिंग काढलं, तेव्हाची ही तार. मी म्हणालो, जाळून टाकू, वरचं रबर एका दमात जाईल. तर म्हणाली, जाळलेली तार काळवंडते, दर उतरतो, असं गावभर तुम्हीच सांगत फिरता ना? मग विळीवर बसून सगळी सोलली."

"आणि तू काय करत होतास?"

"मी चहा केला." शिष्याने भेंडोळे खाली ठेवले. "एक घोट घेऊन म्हणाली, यापेक्षा तार सोललेली बरी."

व्यापारी खो-खो हसला. शिष्यालाही हसू फुटले, आणि आपल्याच आवाजाने तो दचकला.

मग त्याने दुसरे पोते आपणहून सोडले. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली बाहेर आली. त्यातल्या एकाच्या तळाची खरवड खायला विद्यार्थी कसे भांडत, आणि ती मुद्दाम भात जरा लागू देई, हे सांगत त्याने पातेली एकात एक रचली. कुकरचे लोखंडी स्क्रू काढले, दांड्या वेगळ्या केल्या. खानावळीच्या खिडकीच्या पट्ट्यांवरून लोहचुंबक फिरवला आणि छिन्नीने खिळे उडवले. वृद्ध मधूनच "हे कशाचं?" एवढेच विचारी. व्यापारी टेम्पोच्या फळीवर बसून ऐकत होता. जायचे त्याला सुचले नाही.

उन्हे कलली तेव्हा अंगणात वेगवेगळे ढीग लागले होते. गोळ्यांच्या पट्ट्या तेवढ्या एका टोपलीत मावल्या. शिष्य टोपलीकडे पाहत राहिला.

"इतक्याच?" तो म्हणाला. "मला वाटत होतं, घर भरलंय यांनी."

वृद्ध त्याच्याजवळ सरकून बसला. "बाळा, ते दीड वर्ष खोटं नव्हतं. तुझे हाल झाले, तिचे त्याहून झाले. ते बाजूला ठेव, त्याचा दर कुणाला करता यायचा नाही. पण ते अर्ध्या आयुष्याच्या संसारात मिसळून तू सगळ्या संसाराला त्याचाच दर लावलास. शेजाऱ्यानं असा माल आणला असता, तर आधी निवडून आण म्हणून तू त्याला परत पाठवलं असतंस. मी बोली पाडली, कारण तू तुझ्या संसारावर काय बोली लावली होतीस, ते तुला ऐकू येत नव्हतं."

शिष्य पंच्याने डोळे पुसून म्हणाला, "फार दिलं हो तिनं मला."

त्याने तार आणि खिडकीच्या पट्ट्या काट्यावर चढवल्या. पातेल्यांवर मात्र हात ठेवला. "ही मोडीत घालायची नाहीत. धड आहेत. कुणाच्या तरी चुलीवर चढतील."

व्यापाऱ्याने ज्याचा त्याचा दर बिनबोभाट मोजला. टेम्पो सुरू करताना त्याने मान बाहेर काढून विचारले, "काका, पुढच्या महिन्यात इकडं फेरी मारू, की तुम्ही निघालात?"

शिष्य अंगणात सांडलेले खिळे वेचत होता. मान वर न करता तो म्हणाला, "या की. तोवर गावातला माल निवडून ठेवतो."