हैबतीच्या टॉवेलाच्या तीन गाठी

एक उसाचं गाव होतं. गाव म्हटलं की त्यात एखादा भोळा असायचाच. इथला भोळा म्हणजे हैबती. वय पंचेचाळीस, मिशा भरदार, अंगात बैलाची ताकद. सांगितलेलं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं आत जायचं आणि जसंच्या तसं बाहेर यायचं. फक्त बाहेर यायचं ते भलत्याच ठिकाणी.

हैबती अण्णा मगदुमांकडे कामाला होता. अण्णा साखर कारखान्यात मिस्त्री होते. तरुणपणी कारखान्यानं त्यांना सहा महिने जर्मनीला धाडलं होतं. येताना अण्णांनी दोन गोष्टी आणल्या. एक गाड्यांचं वेड आणि दुसरी बीअरची बाटली. बाटली दिली होती डीटर नावाच्या दोस्तानं. दोघं मिळून तिथलं मोटारींचं मोठं प्रदर्शन बघून आले होते. निरोप घेताना डीटर म्हणाला, "तू एक जर्मन गाडी घे आणि तुझ्या देशात प्रदर्शनात पळव. त्या दिवशी मी येईन. ही बाटली आपण दोघं पिऊ."

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. बाटली स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांमागं बसून होती. अण्णांनी बारा वर्षं खपून एक जुनी हिरवी जर्मन गाडी उभी करत आणली होती.

दर रविवारी शेडमध्ये शिर्के मास्तर गप्पांना यायचे. मास्तरांकडं साधी सायकल नव्हती, पण जगातल्या प्रत्येक गाडीचे दोष त्यांना तोंडपाठ.

"तिथं गाडी फिरत्या चौथऱ्यावर ठेवतात, मास्तर," अण्णा सांगायचे. "आपण उभं राहायचं, गाडी गोल फिरते."

"आणि लिटरभर बीअर पोटात गेली की गाडी उभी राहते, आपण गोल फिरतो," मास्तर म्हणायचे. "आणि तुमच्या त्या बाटलीत आता बीअर राहिली नाही बरं का. कोशिंबिरीत घालायच्या लायकीची झाली असेल."

"विष झाली असली तरी मी आणि डीटर पिणार," अण्णा म्हणायचे.

एकदा जावयानं मुंबईहून जर्मन बीअरच्या चार बाटल्या आणल्या. अण्णा म्हणाले, "हैबती, मास्तर येतायत. बाटल्या बाहेर काढून ठेव."

हैबतीनं ठेवल्या. बाहेर म्हणजे अंगणात. दिवस चैत्राचे. मास्तरांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "अण्णा, साखर कमी पडली चहात."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरे लेका, जर्मन चीज आहे ती! दोर बांधायचा, पाण्यात सोडायची आणि दोन तास हलवायची नाही. गार झाल्याशिवाय माणसापुढं आणायची नाही!"

"चुकलं अण्णा. आता ध्यानात ठेवतो," हैबती म्हणाला, आणि गळ्यातल्या टॉवेलाला त्यानं एक गाठ मारली.

पुढच्या महिन्यात डीटरसाहेबांकडून पार्सल आलं. गाडी सुरू व्हायला एकच भाग अडला होता, कार्बुरेटर. तोच होता त्यात. अण्णा बाजारला गेले होते. हैबतीनं पोस्टमनला विचारलं, "कुठनं आलंय?"

"जर्मनीहून."

हैबतीनं गाठ चाचपली. अण्णा बाजारातून आले ते धावतच. "पार्सल आलं म्हणे! कुठाय?"

"गार होतंय अण्णा. अजून अर्धा तास."

अण्णांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि काठावरच बसले. तरी बरं, वेष्टण जाड होतं. "अरे कर्मा! यंत्र ते, यंत्र! जर्मनीहून आलं की आधी अंगावरचं सगळं काढायचं, तेल चोळायचं आणि सावलीत पालथं घालायचं!"

"चुकलं अण्णा. आता ध्यानात ठेवतो." दुसरी गाठ.

गाडी एकदाची सुरू झाली. तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरलं. अण्णांनी पत्र टाकलं आणि डीटरसाहेब खरंच निघाले, या वयात! अण्णा त्यांना आणायला स्टेशनवर गेले. साहेब आधीच्या गाडीनं आले आणि टॅक्सी करून थेट घरी पोचले. दारात हा उंच, पांढऱ्या केसांचा म्हातारा बघून हैबतीनं विचारलं, "कुठनं आलात?"

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण खुणेनं कळलं. "जर्मनी," ते हसून म्हणाले.

हैबतीनं टॉवेल हातात घेतला. पहिली गाठ विहिरीची. तिच्यापायी मागच्या खेपेला शिव्या बसल्या होत्या. त्यानं दुसरी धरली.

अण्णा परतले तेव्हा डीटरसाहेब आंब्याखाली पालथे पडले होते. अंगावर फक्त चड्डी होती आणि ते तेलानं लखलखत होते. प्रवासानं आंबलेलं अंग मोकळं झालं होतं, त्यामुळं मजेत घोरत होते. इथवर ठीक होतं. पण जागे झाल्यावर हैबतीनं त्यांना विहिरीचं तांब्याभर पाणी पाजलं. पुढचे दोन दिवस साहेबांनी गाव पाहिलं ते फक्त संडासाच्या वाटेवरून.

"अरे देवमाणसा!" अण्णा ओरडले. "जर्मनला आपलं पाणी सोसत नाही! तहानेनं जीव चालला तरी थेंब द्यायचा नाही! बाटलीतलंच द्यायचं, सीलबंद!"

"चुकलं अण्णा. आता ध्यानात ठेवतो." तिसरी गाठ.

प्रदर्शनाच्या सकाळी अण्णांनी बरण्यांमागची बाटली काढली, पुसली आणि हैबतीच्या हातात दिली. ते म्हणाले, "हैबती, एकतीस वर्षं थांबलोय या दिवसासाठी. ही तू सांभाळायची. काही झालं तर मला तोंड दाखवू नको."

हैबतीचे डोळे भरून आले. आजवर अण्णांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, जेवायला घातलं होतं, दिवाळीला कापड दिलं होतं. पण शाब्बास असं कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणतील, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं बाटली पोटाशी धरली.

प्रदर्शनाचं मैदान तळ्याच्या काठी होतं. प्रत्येक गाडीनं परीक्षकांपुढून एक फेरी मारायची होती. अण्णा चालवायला, शेजारी डीटरसाहेब, मागं हैबती. त्याच्या मांडीवर बाटली, पायाशी विहिरीच्या पाण्याचा कॅन. फेरी निम्मी झाली आणि पुढून भस्सकन वाफ निघाली.

"हैबती, गाडी पाणी मागतेय!" अण्णा ओरडले. "उतर, झाकण काढ, ओत लवकर!"

हैबतीनं कॅन उचलला आणि तो थबकला. गाडी जर्मन, पाणी विहिरीचं. त्यानं तिसरी गाठ चाचपली, कॅन खाली ठेवला आणि बाटलीचं सील दातानं तोडलं.

बॉनेटखालून फेसाचं असं कारंजं उडालं की लोकांनी टाळ्या पिटल्या. गाडी खोकली, शिंकली, पण चालली. फेरी पुरी झाली. थोड्या वेळानं भोंग्यावर पुकारा झाला, अण्णांच्या गाडीचा पहिला नंबर! अण्णांनी डीटरसाहेबांना मिठीच मारली. शिर्के मास्तर दोन ग्लास घेऊन पळत आले.

"हैबती, बाटली आण!"

हैबतीनं आणली. अण्णांनी ती ग्लासात उलटी केली. थेंबभर पडलं.

"बीअर कुठाय?"

"गाडीच्या पोटात. तहान लागलेली तिला. आपलं पाणी सोसलं नसतं."

अण्णा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.  मास्तरांनी साहेबांना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. डीटरसाहेब पोट धरून हसले. त्यांनी वाकून रेडिएटरच्या खालच्या तोटीकडं बोट दाखवलं.

"साहेब म्हणतात, बीअर आतच आहे, कुठं पळून गेली नाही," मास्तर म्हणाले. "एकतीस वर्षं थांबलो, आता तोटीनं पिऊ म्हणतात!"

अण्णा रडता रडता हसले. हैबतीनं तोटीला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. "उकळतंय, अण्णा!"

तेवढ्यात बक्षीस घ्यायला नाव पुकारलं. अण्णांनी डोळे पुसले. "मग जरा गार कर, हैबती. आम्ही आलोच."

अर्ध्या तासानं तिघं हार घालून, चषक मिरवत परत आले. गाडीच्या जागी नुसती चाकोरी होती. ती उतारानं तळ्याकडं गेली होती. काठावरच्या बाभळीला एक जाड दोर बांधलेला होता. दोर ताठ होता आणि सरळ पाण्यात शिरत होता. पुढं पाण्यावर गाडीचा हातभर हिरवा टप दिसत होता.

काठावर हैबती मांडी घालून बसला होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"अजून दीड तास, अण्णा. हलवायची नाही."

आणि शाब्बासकी घ्यायला त्यानं पाठ पुढं केली.