हातभर ओटा

एक शहर होतं. शहर कसलं, वाढलेलं गावच म्हणा. नगरपालिका होती म्हणून शहर म्हणायचं. तिथल्या जुन्या पेठेत लोकांना एक खूळ होतं. घरात लग्न निघालं की दारापुढचा ओटा हातभर पुढे सरकवायचा. व्याही आले की आधी ओटा बघत आणि मग मुलगी बघत. शेजाऱ्याचा ओटा पुढे गेला तर आपला मागे कसा ठेवायचा? लोक म्हणतील काय? असं करत करत ओटे गटारावर चढले, गटार ओलांडून रस्त्यात आले. रस्ता इतका अरुंद झाला की या ओट्यावरच्या म्हातारीला त्या ओट्यावरच्या म्हातारीची तपकिरीची डबी बसल्या जागी घेता येई.

या पेठेत अनसूयाबाई राहत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पण एकटं वाटायला त्यांना सवड कुठे होती? संध्याकाळ झाली की आळीतल्या बायका त्यांच्या ओट्यावर जमत. कुणी भाजी निवडी, कुणी नातवंडाला जोजवी, कुणी सुनेच्या नावानं खडे फोडी. शेजारची ठकूबाई तर सकाळचा चहाही तिथेच घेई. दोघी एकाच वर्षी या पेठेत लग्न होऊन आलेल्या, बहिणी जशा. अनसूयाबाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि ऐकलेलं पोटात ठेवत. म्हणूनच नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा पेठेनं त्यांनाच उभं केलं आणि निवडूनही आणलं. बाई आपल्याच आहेत, सही करतील आणि गप्प बसतील, असा पेठेतल्या पुरुषांचा हिशेब होता.

बाई गप्प बसल्या नाहीत. पेठेत दरसाल काविळीची साथ येई. लोक म्हणत, दृष्ट लागली. कुणी म्हणे, वरच्या टाकीतच दोष आहे. बाईंनी पाण्याचा पाइप कुठून कुठून येतो ते स्वतः चालून पाहिलं. तो गटाराला खेटून येत होता. गटार ओट्यांखाली गाडलेलं. झाडूवाल्याचा हात पोहोचत नव्हता, मग घाण तुंबून पाइपात झिरपत होती. त्या वर्षी पेठेतल्या कुंभारआळीतलं एक लहान पोर काविळीनं गेलं. बाई त्या घरी जाऊन बसल्या. परत आल्या त्या ठरवूनच आल्या, की ओटे काढायचे.

पालिकेच्या बैठकीत सगळे हसले. एक नगरसेवक म्हणाला, "बाई, ओट्याला हात लावाल तर पेठ तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"मग माझ्यापासून सुरू करा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा ओटा फुटला. त्यांनी स्वतः पहारीचा पहिला घाव घातला. नंतर आत जाऊन थोडा वेळ रडल्या, खोटं कशाला सांगू. त्या ओट्यावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण बाईंचाच ओटा गेला म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. शिव्या देत का होईना, एकेकाने आपला ओटा काढू दिला.

काम ठकूबाईच्या दाराशी आलं आणि अडलं. तिच्या मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, नवी शहाबादी फरशी घातलेली. फरशीवरची हळद अजून पुसली नव्हती. नेमकं तिच्याच ओट्याखाली गटार वळण घेत होतं.

ठकूबाई दोन्ही परसांमधल्या दाराने आली. "अनू, माझा तेवढा राहू दे. तुझ्या हातात आहे. कोण विचारतंय तुला?"

"कुणी विचारणार नाही गं," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण घाण तिथेच तुंबेल. मग बाकीच्यांचे कशाला फोडले?"

"मी तुला कधी काही मागितलं होतं?"

"नाही."

"मग आता मागतेय."

ही एक बाई दुरावली तर आपल्याला दुसरं कुणी नाही, हे अनसूयाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ठकूबाई ज्या दाराने आली त्याच दाराने गेली. दुपारी तिचा ओटा फुटला. मधलं दार त्या दिवसापासून तिच्या बाजूने बंद झालं.

गटार उघडलं, नवा पाइप पडला, रस्ता मोकळा झाला. त्या साली कावीळ आली नाही. पुढच्या सालीही नाही. पण जो आजार येतच नाही त्याची आठवण कोण ठेवतं? गेलेला ओटा मात्र रोज दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता, आणि तेच सलत होतं. बायकांना बसायला जागा राहिली नाही. पुरुष म्हणू लागले, एका बाईनं पेठेची अब्रू घालवली.

दिवाळी आली. पेठेत रीत अशी, की फराळाचं ताट ज्या घरी जाईल तिथून ते रिकामं परत यायचं नाही. काही नाही तर निदान चिमूटभर साखर तरी घालून पाठवायची. अनसूयाबाईंनी नेहमीसारखी घरोघर ताटं पाठवली. संध्याकाळी सगळी ताटं परत आली. स्वच्छ घासलेली आणि रिकामी. बाईंनी ती फडताळात एकावर एक रचून ठेवली आणि दिवा लावायला उठल्या. सणाचा दिवस होता, दिवा तर लावायलाच हवा.

पुढची निवडणूक आली. पदाचं आरक्षण उठलं होतं. कापडवाले हणमंतराव उभे राहिले. त्यांचं वचन एकच, ज्याचा त्याला ओटा परत. बाई पडल्या. कुंभारआळीनं मत दिलं, पण कुंभारआळी ती केवढीशी! निकालाच्या दिवशी बाईंच्या दारावरून मिरवणूक गेली, गुलाल उंबऱ्यापर्यंत आला. बाईंनी केरसुणी घेतली आणि उंबरा झाडला.

काही दिवसांनी हणमंतराव गवंडी घेऊन पेठेत आले. सुरुवात ठकूबाईपासून करायची ठरली होती. गवंड्याने तिच्या दारापुढे चुन्याची रेघ मारायला घेतली. बघ्यांची ही गर्दी. ठकूबाई पदर खोचून बाहेर आली.

"रेघ पुसा," ती म्हणाली.

हणमंतराव गडबडले. "अहो मावशी, तुमचाच तर मान पहिला."

"माझ्या घरात दोन नातवंडं आहेत. एकाचेही डोळे अजून पिवळे झाले नाहीत. या घरात पोरं काविळीवाचून वाढली असं आधी कधी झालं नव्हतं. मला ओटा नको."

मग पलीकडच्या घरातून आवाज आला, "आमचाही राहू द्या." मग आणखी एक. हणमंतरावांनी डोक्यावरची टोपी उगाच काढून पुन्हा घातली आणि गवंड्याला घेऊन ते निघून गेले.

अनसूयाबाईंनी हे सगळं आपल्या दारात उभं राहून ऐकलं. त्यांना वाटलं, आता येतील. आज नाहीतर उद्या येतील. त्यांनी दार उघडं ठेवलं, जास्तीचं दूध घेतलं. कुणी आलं नाही. समोरून जाताना बायका मान खाली घालून भरभर जात. आधी त्यांना राग होता म्हणून येत नव्हत्या. आता लाज वाटत होती म्हणून येत नव्हत्या. आणि लाज रागापेक्षा चिवट असते.

बाईंनाही हट्ट चढला. चूक त्यांची, पाऊल त्यांनी उचलावं. माझं काय चुकलं? माझं खरं होतं ना? मग मी का जाऊ? असे बरेच दिवस गेले. एकदा संध्याकाळी दूधवाल्याने दारातून विचारलं, "बाई, उद्या किती घालू?" बाई बोलायला गेल्या तर घशातून शब्द फुटेना. दिवसभरात तोंड उघडायची ती पहिलीच वेळ होती. दूधवाला गेल्यावर त्या तशाच हातात पातेलं घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात आलं, गटार कुणी तुंबवलं हेच मी विचारत बसले असते तर ते उघडलं असतं का कधी?

त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पायात चपला घातल्या आणि शेजारच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या. कडी वाजवायला हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा वाजवली.

ठकूबाईने दार उघडलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघी बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि ते एकमेकींशिवायच झालं होतं.

"मी येणार होते गं," ठकूबाई म्हणाली. "रोज निघायचे. पण कुठल्या तोंडानं येऊ?"

"मीही रोज निघायचे," अनसूयाबाई म्हणाल्या. "माझा ताठा आडवा यायचा."

ठकूबाईने डोळ्यांना पदर लावला आणि दारातून बाजूला सरकली.

"आत ये," ती म्हणाली, "उभी का?"

तात्पर्य: लोकांच्या भल्यासाठी जो वाईटपणा घेतो, त्याच्या वाट्याला एकटेपण येतंच, पण काम तडीस गेल्यावर आपण खरे ठरलो म्हणून दारात बसून राहू नये. चुकलेल्याचे पाय लाजेनं जड झालेले असतात, म्हणून पहिलं पाऊल बरोबर असणाऱ्यानंच टाकावं.