खेकड्याची चाळीस पावले

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक म्हातारा खेकडा राहत असे. मुलांनो, साऱ्या जंगलाच्या पाण्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या एका मोरीतून तळ्यात येई. मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा खेकडा रोज काढी. पण दगडांआड दडलेले ते तोंड नेमके कुठे आहे, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. तळ्यातली बेडकी एकदा म्हणाली, "काका, मलाही दाखवून ठेवा ना." खेकडा म्हणाला, "तू कशाला त्रास घेतेस? मी आहे ना." मनात मात्र म्हणाला, 'सगळ्यांना कळले तर मला कोण विचारील?' जंगलाचा कारभारी रानडुक्कर दरवर्षी त्याचा सत्कार करी. खेकड्याला गळा नसतो, म्हणून हार नांगीत अडकवी. पण मोरीबद्दल त्याने कधी काही विचारले नाही. पाणी येत होते, मग विचारायचे कशाला?

ऐन वैशाखात खेकड्याने कात टाकली. नवे कवच कठीण होईपर्यंत खेकड्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते, बिळाबाहेर पडणे त्याच्या जिवावर बेतू शकते. इकडे मोरी तुंबली. चौथ्या दिवशी तळ्यात नुसता चिखल उरला आणि बेडकीची पिल्ले, ते इवलेसे बेडूकमासे, त्यात तडफडू लागले.

बेडकी रानडुकराला घेऊन बिळाशी धावली. खेकडा आतून म्हणाला, "उंबराच्या मुळापासून डोंगराकडे माझी चाळीस पावले मोजा आणि तिथला पाला काढा." रानडुकराने चाळीस पावले टाकून सारी जमीन उकरली. हाती आली माती. बेडकीने चाळीस उड्या मारल्या, ती तर झऱ्याच्याही पुढे गेली. "काका, तुमची पावले आडवी आणि एवढीशी," ती रडत म्हणाली, "ती आम्हाला कशी मोजता येणार?" खेकड्याने मनातल्या मनात ती वाट आठवून पाहिली. जे रोज पायांनी केले, ते कधी कोणाला सांगितलेच नव्हते, मग आता सांगता तरी कसे येणार?

अखेर तो तसाच मऊ अंगाने बाहेर आला. वर घार घिरट्या घालत होती, म्हणून रानडुक्कर त्याच्यावर सावली धरून चालला. खेकड्याने मोरीचे तोंड मोकळे केले, पाणी आले, पण निम्मेच बेडूकमासे वाचले.

"चुकलो, पोरी," खेकडा नांग्या खाली टाकून म्हणाला. "उद्यापासून तुला सगळे शिकवतो."

"उद्या नको, काका," बेडकी म्हणाली. "आत्ता दाखवा."

तात्पर्य : एकट्यापाशी राहिलेली विद्या गरजेच्या वेळी अडून बसते, म्हणून जाणत्याने वेळेवर शिकवावे आणि इतरांनीही वेळेवर विचारावे.