टाचेबुवांचं बारावं पेव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती, ते मला विचारू नका, मला माझं वयही चाळीसच्या पुढे मोजता येत नाही. तेव्हा बोरथडी गावात घरोघरी पेव असायचं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. त्यात ज्वारी भरायची, तोंड लिंपायचं आणि वरून माती सारखी करायची. इतकी सारखी, की कधीकधी मालकालाच सापडायचं नाही.

तो लढाईचा काळ होता. एक फौज गेली की दुसरी यायची, आणि दोघींनाही भूक लागलेली असायची. अशाच एका फौजेबरोबर सतरा वर्षांचा एक पोरगा आला. तो अनवाणी चालायचा आणि डावी टाच तीनदा आपटायचा. धप्, धप्, धप्. जमीन पोकळ वाजली की म्हणायचा, "इथे." मग शिपाई खणायचे. त्याच्या टाचेला मातीखालच्या दाण्यांची कुजबुज ऐकू यायची, असं म्हणतात. (माझ्या टाचेला फक्त भेगा पडतात.) एका सकाळीत त्यानं बोरथडीची अकरा पेवं दाखवली. त्या उन्हाळ्यात गावात चुली पेटल्या नाहीत.

मग तीस वर्षं गेली. गावाबाहेरच्या मठात एक गोसावीबुवा येऊन राहिले. ते विंचू उतरवायचे, सासवासुनांची भांडणं मिटवायचे, आणि त्यांचं भजन सुरू झालं की नदी हळू वाहायची, असं म्हणतात. मठाचे म्हातारे महाराज गेले तेव्हा गावानं ठरवलं, गादीवर यांनाच बसवायचं. पाटील भगवी चादर घेऊन उभे राहिले. बुवांना गहिवरून आलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली सवय निसटली, आणि बसण्याआधी त्यांनी डावी टाच तीनदा आपटली.

जमलेल्या बायकांतली गौजाई ताडकन उठली.

"थांबा पाटील! ही टाच मी ओळखते. हिनंच आमचं पेव दाखवलं. माझा धाकटा भाऊ त्या उन्हाळ्यात उपाशी गेला. काय रे बुवा, तो तूच ना?"

"मीच, बाई," बुवा म्हणाले. "अकरा पेवं मीच दाखवली."

चादर पाटलांच्या हातातच राहिली. तेवढ्यात पाटलांची आई चिमाई काठी टेकत पुढे आली.

"आणि बाराव्याचं कोण सांगणार?"

"ते राहू द्या, बाई," बुवा म्हणाले.

"मग मी सांगते. बाराव्या पेवात दाणे नव्हते. तान्ह्या पोराला पोटाशी धरून मी बसले होते. टाच डोक्यावर वाजली आणि पोर रडलं. म्हटलं, संपलं आता. तर वरून आवाज आला, 'इथे खडक आहे, पुढे चला.' तोंड काही दिसलं नाही. पण ती टाच आज पुन्हा वाजली." मग ती पाटलांकडे वळली. "आ काय वासतोस? ते पोर तूच."

पाटील बुवांकडे वळले. "बुवा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"एका खडकानं अकरा पेवं भरत नाहीत, पाटील."

"नाहीच भरत," गौजाई म्हणाली. "मग भर. अकराच्या अकरा भर. गादीचं पुढे बघू."

बुवांनी झोळी घेतली. दर वर्षी एक पेव स्वतः खणायचं आणि दारोदार फिरून ते भरायचं. ते टाच आपटतील तिथला कातळसुद्धा मऊ व्हायचा, असं म्हणतात. अकराव्या वर्षी शेवटचं पेव लिंपलं, तेव्हा गौजाईनं स्वतः त्यांच्या खांद्यावर चादर घातली. आणि पाठीत एक धपाटाही घातला, असं म्हणतात. मला तो भाग फार आवडतो, म्हणून तो खरा.

पुढे मोठा दुष्काळ पडला. सात गावं त्या पेवांवर जगली, तरी तळ कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

अजूनही सुगी झाली की बोरथडीची माणसं मठाच्या अंगणात जमतात. एक बाई डावी टाच तीनदा आपटते. सगळे विचारतात, "काय आहे?" ती म्हणते, "खडक आहे!" मग पेवाचं तोंड उघडतं आणि प्रत्येक घरची सूपभर ज्वारी आत पडते. ज्याला लागेल त्यानं न विचारता न्यावी. यंदा टाच आपटायचा मान माझा होता. आठवडाभर लंगडत होते.

आणि कुणाचं तरुणपणीचं पाप बाहेर निघालं, तर बोरथडीत आजही त्याला आधी एवढंच विचारतात, "पेवं किती भरलीस?"