टेक्निकलचा थ्रो

"शिवी मला दिली होती, सर. मग फ्री थ्रो शमीमला का दिलात?"

प्रशिक्षक बाबर सर बास्केटबॉलच्या रिंगच्या खांबाला टेकून बसले होते. सांगलीच्या त्या मैदानावरून दोन्ही संघ केव्हाच निघून गेले होते. सामना एका गुणानं गेला होता, आणि कप्तान सारिका ऐवळे अजून घामेजल्या जर्सीतच सरांपुढे उभी होती.



सामना संपत आला तेव्हा समोरच्या संघातली उंच पोरगी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली होती, "हमालाची पोर ना तू? पोती उचल जा बापासारखी. बॉल कशाला उचलतेस?"

पंचांनी शिट्टी फुंकली. टेक्निकल फाउल, गैरवर्तनाबद्दलचा. एक फ्री थ्रो. सारिका बॉल घेऊन रेषेवर उभीसुद्धा राहिली होती. तेवढ्यात सरांनी संघातल्या दुसऱ्या पोरीला हाक मारली, "शमीम, तू मार."

शमीमचा बॉल रिंगवर आपटून बाहेर आला.

"टेक्निकलचा थ्रो संघातल्या कुणीही मारावा," सर आता म्हणाले. "नियम आहे."

"नियम ठाऊक आहे मला! मला कुणी ढकललं तर थ्रो मीच मारायचा, दुसरी चालत नाही. आणि माझ्या बापाला कुणी बोललं तर कुणीही मारावा? खांदा माझा, आणि बाप काय गावाचा?"

सरांनी पायाशी पडलेला बॉल जवळ ओढला.

"बरं, कुणीही म्हणजे मीसुद्धा ना? मग मला का हटवलंत? शमीमचा हात थरथरत होता, सर. माझा नव्हता. मी घातला असता!"

"घातला असतास," सर म्हणाले.

तिला वाटलं होतं, आता राग आवरण्यावर व्याख्यान येणार. हे असं सरळ कबूल केल्यावर ती आणखीच भडकली.

"मग?"

सर उठले. बॉल तिच्या हातात दिला आणि रेषेकडे बोट केलं.

"मार."

"आता काय उपयोग? कोण आहे इथं बघायला?"

"मार."

तिनं मारला. रिंगला न शिवता बॉल जाळीतून खाली आला. सर दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू गेले आणि बॉल उचलून घेऊन आले.

"झालं?"

"काय झालं?"

"भागलं का, विचारतोय."

तिनं पुन्हा मारला. पुन्हा आत.

"झालं?"

"नाही!"

ती दातओठ खात मारत राहिली. बॉल जात राहिला. सर आणून देत राहिले. बॉल आत पडला की तिला तारेच्या कुंपणापलीकडे मघाशी उभा असलेला बाप दिसायचा. हळदीच्या पोत्यांनी पिवळा पडलेला सदरा घालून, काम टाकून, लेकीचा खेळ बघायला आलेला. त्यानं ते ऐकलं होतं. ऐकून तो शेजारच्या माणसाकडे बघून हसला होता... जणू दुसऱ्याच कुणाला तरी बोललेत. मग हळूच निघून गेला होता.

तिचे हात खाली आले. बॉल पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली. आवाजातली धग मात्र गेली नव्हती.

"अजून किती घालू, सर?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझा बाप जेवढ्या गुणांचा असेल, तेवढे घाल."