मिसळणाच्या डब्यातला हिशेब

कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेचा हिशेब एक वृद्ध गृहस्थ पाहत असत. सगळे त्यांना तात्या म्हणत. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी एक शिष्य तयार केला. शिष्याने वहीतले काम संगणकात नेले.

शिष्य मन लावून काम करी. देणाऱ्याचा मान राहावा म्हणून त्याने प्रत्येक दात्याच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडले. दाराशी येऊन अकरा रुपये ठेवून जाणाऱ्या बांगडीवालीचेसुद्धा. बेरजेत पैचा फरक नव्हता.

एका व्यापाऱ्याचा निरोप आला. "उद्या येतो. श्रवणयंत्रांसाठी सगळे मिळून किती जमले, किती खर्च झाले, ते एका कागदावर दाखवा. मगच यंदाचा धनादेश." नव्या मुलांची यंत्रे त्या धनादेशावर अडली होती. शिष्याने अहवाल काढला. जाडजूड निघाला. त्यात दाते सापडत होते, श्रवणयंत्रे सापडत नव्हती.

तात्यांनी तो चाळला आणि ते स्वयंपाकघरात गेले. मिसळणाचा डबा त्यांनी नव्याने लावला. एका वाटीत वाण्याकडून आलेले सगळे, दुसरीत आठवडी बाजारातले, तिसरीत स्वयंपाकीण गोदाक्काच्या माहेरचे. हळद, मोहरी, जिरे, तिखट, सगळे एकत्र.

"तात्या, काय मांडलंय हे?" गोदाक्का म्हणाली. "याच्या फोडणीची आमटी कोण खाणार?"

"मी खाईन," तात्या म्हणाले, आणि शिष्याकडे वळले. "तू फोडणी घाल."

तेल तापले. शिष्य डब्यात बघत राहिला. "मोहरी कुठंय?"

"कोणाची हवी? वाण्याची, बाजारातली, की गोदाक्काच्या माहेरची?"

"कोणाचीही चालेल, तात्या. मला नुसती मोहरी हवी. तेल जळतंय."

"व्यापाऱ्यालाही नुसती श्रवणयंत्रंच हवीत."

शिष्याने गॅस बंद केला. त्याने विचारले, "मग दात्यांची नावं काढून टाकू?"

"नाव काढलंस तर देणाऱ्याचा अपमान. हेतू बुडवलास तर दानाचा. वाटी वस्तूची असते, दुकानदाराची नसते. खातं कामाचं उघड. नाव त्या नोंदीला चिकटलेलं राहू दे. कोणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे."

शिष्य पुन्हा संगणकापुढे बसला. श्रवणयंत्रे, भोजन, शिक्षकांचे वेतन, अशी खाती लावली. प्रत्येक देणगीला नाव जोडले.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यापुढे एकच कागद आला. जमा, खर्च, आणि खाली न खर्चलेली शिल्लक.

"शिल्लकही दाखवलीत?" व्यापारी म्हणाला. "अन् माझं नाव?"

शिष्याने त्याच खात्यातली नावे पडद्यावर आणली. व्यापाऱ्याच्या नावाखाली बांगडीवालीचे नाव होते. तो ते वाचत राहिला. मग त्याने धनादेश लिहिला.

तात्या मान वर करून व्यापाऱ्याला म्हणाले, "हा हिशेब लावणारं पोरगं आमचं आहे."

शिष्य तोवर तिथून उठून गेला होता. तो स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा धूत होता. वाट्या कोरड्या करून त्याने पहिल्या वाटीत मोहरी भरली. नुसती मोहरी.

दान सांभाळणे म्हणजे पैसा सांभाळणे एवढेच नव्हे. तो कशासाठी दिला होता, तेही सांभाळावे लागते.