बाबालाल वस्ताद कानात काय सांगायचे

"पण मग तुम्ही मुख्य प्रशिक्षक का झाला नाही, वस्ताद?"

बाबालाल वस्तादांनी तव्यावरचं एरंडाचं पान चिमटीत उचललं. सुजलेल्या गुडघ्यावर ठेवलं. वर फडकं गुंडाळायला घेतलं.

"सांगा की."

"गाठ मारू दे."

संग्राम इंगवले गप्प बसला. गप्प बसणं त्याला जमत नसे.

बाबालाल नदाफ कॉलेजच्या फुटबॉल संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून लागले आणि सहायक म्हणूनच निवृत्त झाले. मुख्य प्रशिक्षक येत गेले, जात गेले. शेवटचे शिंत्रे सर. वस्ताद निवृत्त झाल्यावर सरांच्या शेजारची ती जागा संग्रामला मिळाली. संग्राम वस्तादांच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला. पुढं गोव्यात व्यावसायिक क्लबकडून खेळून आलेला.

कोल्हापुरात वस्तादांची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सामना अडला की ते बाकावर किंचित वाकायचे आणि मुख्य प्रशिक्षकाच्या कानात काहीतरी सांगायचे. मैदानातून ते दिसायचं. ऐकू मात्र यायचं नाही. कुणी म्हणायचं, मंत्र आहे. कुणी म्हणायचं, कसला मंत्र, शिवी देत असणार.

संग्रामलाही ते कुतूहल होतं. खेळताना त्याची नजर कितीदा तरी चेंडूवरून सुटून त्या बाकाकडं गेली होती.

"मला विचारलं होतं," गाठ मारून झाल्यावर वस्ताद म्हणाले. "मुख्य होता काय म्हणून."

"मग?"

"नको म्हटलं."

"का?"

वस्तादांनी तवा खाली उतरवला.

"तू कशाला आलास, ते सांग."

संग्रामला तेच हवं होतं. त्याचं सगळं तुंबलेलं एकदम बाहेर आलं. आखणी तो करतो, बोलतात शिंत्रे सर. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात कुणाला कुठं खेळवायचं ते त्यानंच सरांना सांगितलं होतं. करंडक आला. पेपरात फोटो सरांचा. हार सरांच्या गळ्यात. तो मागं उभा, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या खांद्याआड.

"सहायक म्हणजे काय हो, वस्ताद? सावली? आता सर दवाखान्यात आहेत. हृदयाचं ऑपरेशन झालंय. उद्याच्या अंतिम सामन्याला संघ माझ्याकडं दिलाय. प्राचार्य म्हणाले, करून दाखव, पुढचं पुढं बघू. म्हणजे जागा माझीच. समजलं?"

"समजलं."

"म्हणून आलो. तुम्ही कानात काय सांगायचा, तेवढं सांगा. एकदाच."

वस्ताद हसले. खालच्या ओळीत दोनच दात उरले होते.

"असं घरात बसून कसं सांगू? उद्या तुला सहायक लागंल का न्हाई?"

संग्राम बघतच राहिला.

"मी येतो," वस्ताद म्हणाले. "बसतो शेजारी."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरलं होतं. वस्ताद आत येताना दिसले आणि सगळ्या गॅलरीतून शिट्ट्या आल्या. संग्रामच्या लक्षात आलं, त्या शिट्ट्या त्याच्यासाठी नव्हत्या. त्याला ते लागलं.

तो मुख्य प्रशिक्षकाच्या जागी बसला. वस्ताद शेजारी, पाय लांब करून.

सामना सुरू झाला. संग्राम उभा राहायचा, ओरडायचा, बसायचा. समोरचा संघ तगडा होता. पूर्वार्ध संपत आला तरी गोल झाला नाही.

मध्यंतराच्या जरा आधी वस्ताद वाकले. संग्रामनं श्वास रोखला. इतकी वर्षं लांबून पाहिलेली ती मान आता त्याच्या कानाशी आली होती.

"पाणी पी," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"घसा बसलाय तुझा. पोरांना ऐकू येत न्हाई."

संग्रामला राग आला. पण तो पाणी प्यायला.

उत्तरार्धात डाव्या बाजूनं चौगुलेनं चेंडू काढला, दोघांना चकवलं आणि गोल मारला. गॅलरी उठली. हा चौगुले संघातला सगळ्यात चपळ पोरगा. तो डावीकडून असा पळत होता, की समोरच्या संघाच्या त्या बाजूच्या बचावपटूला आपली जागा सोडून पुढं येताच येत नव्हतं.

सामना संपायला थोडाच वेळ उरला होता. प्राचार्य खुर्चीतून पुढं सरकून बसले होते.

वस्ताद पुन्हा वाकले.

"चौगुलेला काढ. बचावात एक माणूस वाढव."

संग्रामनं मान वळवली.

"चौगुलेला? तो आहे म्हणून तर त्यांची ती बाजू बांधलेली आहे."

"दमलाय. गोल आहे आपल्याकडं. आता राखायचा."

वस्ताद पुन्हा सरळ बसले.

संग्रामनं मैदानाकडं पाहिलं. चौगुले गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. दमला होता, हे खरं. पण पळत होता, हेही खरं. संग्रामचं मन म्हणत होतं, काढू नकोस. आणि शेजारी तो माणूस होता, ज्याच्या एका शब्दासाठी सगळं गाव कान टवकारून बसायचं.

त्यानं हात वर केला. बदली खेळाडू आत गेला. चौगुले बाहेर आला तो मान हलवत.

मग चौगुलेनं अडकवून ठेवलेला तो बचावपटू मोकळा झाला. एकदा पुढं आला, कुणी अडवलं नाही. दुसऱ्यांदा आला आणि गोलसमोर उंच चेंडू टाकला. बरोबरी. गॅलरी शांत झाली. शिट्टी वाजायच्या जरा आधी तो तिसऱ्यांदा आला.

हरले.

चौगुलेनं जर्सी काढून तोंडावर घेतली. संग्राम त्याच्यापाशी गेला.

"तू चांगला खेळलास," एवढंच म्हणाला. पोरानं तोंडावरची जर्सी काढली नाही.

तेवढ्यात प्राचार्य खाली आले. मागं खेळ विभागाची माणसं.

"इंगवले, चौगुलेला काढायचं डोकं कुणाचं?"

संग्रामनं बाकाकडं पाहिलं. वस्ताद वाकून पोरांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. एक बाटली बाकाखाली गेली होती, ती पायानं ओढत होते. त्यांना ऐकू गेलं होतं की नाही, कळत नव्हतं.

नाव जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर कुणी वस्तादांना काही म्हटलं नसतं. म्हातारा माणूस… आणि आपली जागा राहिली असती. शिवाय ते खोटंही नव्हतं.

"कुणाचं?" प्राचार्यांनी पुन्हा विचारलं.

"माझं, सर."

"एवढा चांगला खेळत असताना?"

"हो सर. मीच काढलं."

चौगुलेनं जर्सी खाली घेतली आणि त्याच्याकडं पाहिलं.

प्राचार्यांनी मान डोलावली. "शिंत्रे सर महिन्याभरात उठतील, असं डॉक्टर म्हणतात. तोवर चालू दे कसंतरी." आणि ते गेले.

म्हणजे जागा गेली.

संग्रामला वाटलं होतं, आपल्याला फार राग येईल. राग आला नाही. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता.

* * *

निकाल सांगायला दवाखान्यात जायचंच होतं. दोघं रिक्षानं गेले.

शिंत्रे सर वरच्या मजल्यावर होते. जिन्याशी येऊन वस्ताद थांबले. गुडघा धरून खालच्या बाकड्यावर टेकले.

"जरा बसू. मग चढतो."

संग्रामही बसला. समोरून एक नर्स ट्रे घेऊन गेली.

"वस्ताद, एक विचारू?"

"विचार."

"परीक्षा होती ना?"

"कसली?"

"मुद्दाम सांगितलंत तुम्ही. चौगुलेला काढायला. मी काय करतो ते बघायला."

वस्तादांनी त्याच्याकडं नवलानं पाहिलं.

"पोरांनी वर्षभर घाम गाळलेला सामना असतोय तो. त्यात मी तुझी परीक्षा घेत बसू?"

"मग?"

"मला ते बरोबर वाटलं. म्हणून सांगितलं."

संग्राम हसला. हसू अर्ध्यात थांबलं. वस्ताद हसत नव्हते.

"म्हणजे… खरंच चुकलात?"

"चुकलो की."

किती साधं म्हणाले. संग्राम जिन्याच्या कठड्याकडं बघत राहिला. खेळायच्या दिवसांत मैदानातून दिसणारा तो बाक त्याच्या डोळ्यांपुढं आला. वाकलेले वस्ताद. ऐकणारे शिंत्रे सर. त्याआधीचे सर. त्याआधीचे. किती सामने जिंकले होते… आणि हरलेलेही होतेच.

हरल्यावर शिंत्रे सर पत्रकारांपुढं एकटे उभे राहायचे. तेव्हा वस्ताद कुठं असायचे? संग्रामला आठवेना. तिकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"वस्ताद."

"हं."

"एवढ्या वर्षांत… तुम्ही कानात सांगितलेलं, असं चुकीचं किती निघालं असेल?"

वस्ताद उठले. एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा संग्रामच्या खांद्यावर. पहिली पायरी चढले. मग थांबले. वर, शिंत्रे सरांच्या मजल्याकडं पाहिलं.

"ते मला कुणी कधी कळूच दिलं न्हाई."